काडतुसाची तक्रार

पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली बैजाबाई शिंद्यांच्या सर्वतोमुख यज्ञाची वार्ता ऐकून दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होते आणि भिक्षुकीवर ते फिटण्यासारखे नव्हते. पनवेल, कोन, चौक, खोपोली आणि मग बोरघाट या वाटेने रोज गाडी हाकणाऱ्या माणसाला वरसई फार लांबची वाटणार नाही. त्या काळच्या भिक्षुकाला मात्र घाट चढून जाणे म्हणजे परमुलूख गाठणे होते. गोडसे भटजी पुढे मऊच्या आसपास पोचले. तिथे पलटणीतल्या शिपायांशी त्यांची गाठ पडली, आणि बंड होणार असल्याची बातमी व बंडाचे कारण, दोन्ही त्यांना तिथेच कळली. कारण काय, तर काडतूस.

गोडसे भटजींनी हे सारे लिहून काढले ते पंचवीसेक वर्षांनी, १८८३ च्या सुमाराला. चिंतामणराव वैद्यांनी ‘माझा प्रवास’ छापले १९०७ साली, तेही पुष्कळ काटछाट करून. मूळ मोडी प्रतीबरहुकूम पाठ वाचकांच्या हाती यायला दत्तो वामन पोतदारांची १९६६ ची आवृत्ती उजाडावी लागली. झाशीच्या वेढ्याचे वर्णन म्हणून आपण हे पुस्तक वाचतो. काडतुसाची हकिकत त्यात सुरुवातीला येते आणि वाचक तिच्यावरून पुढे निघून जातो. मला तिथेच थांबावेसे वाटते. प्रसंग साधा आहे. सरकारी नोकरीतली काही माणसे कामावर मिळणाऱ्या हत्याराबद्दल एक तक्रार करतात. ती तक्रार खरी होती का? आज पावणेदोनशे वर्षे होत आली, तरी या प्रश्नाला सरळ उत्तर देणारे पुस्तक मिळणे कठीण. कोणी म्हणतो अफवा, कोणी म्हणतो निमित्त, कोणी म्हणतो धर्मावरचा घाला. तक्रार तपासायची असेल तर आधी ती नेमकी काय होती, कोणी, कोणाकडे आणि कोणत्या शब्दांत केली, हे पाहायला हवे.

बंदुकीपासूनच सुरुवात करू. कंपनीच्या शिपायाकडे पिढ्यान्‌पिढ्या असलेली ब्राउन बेस ही गुळगुळीत नळीची बंदूक. तिची गोळी नळीत सैल बसे, म्हणून ठासायला सोपी आणि नेमाला वाईट. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल आली ती आतून आटे पाडलेली. गोळी आट्यांना घट्ट धरून बाहेर पडते म्हणून ती लांब आणि नेमकी जाते. पण घट्ट गोळी तोंडाकडून खाली ठासायची तर वंगण हवे. दारू आणि गोळी कागदाच्या एकाच पुरचुंडीत बांधलेली असे. शिपायाने पुरचुंडीचे टोक दातांनी तोडायचे, दारू नळीत ओतायची आणि गोळीकडची बाजू, जिच्या कागदाला वंगण फासलेले आहे ती, गजाने खाली सारायची. दातांनी तोडण्याची रीत जुन्या बंदुकीलाही होतीच, कारण एका हातात बंदूक धरलेल्या माणसाचा दुसरा हात काडतुसात गुंतलेला असतो. नवे होते ते वंगण.

वंगण कशाचे? मेण आणि चरबी. चरबी कशाची, या प्रश्नावरच पुढचा सगळा इतिहास उभा आहे.

हा प्रश्न शिपायांच्या आधी एका इंग्रज अधिकाऱ्याने विचारला होता. १८५३ मध्ये विलायतेहून काही वंगणी काडतुसे हिंदुस्थानच्या हवेत टिकतात का हे पाहण्यासाठी आली. तेव्हा बंगाल लष्करातले अॅडज्युटंट जनरल कर्नल टकर यांनी डिसेंबरमध्ये लष्करी मंडळाला लिहून कळवले की, वंगणातला पदार्थ जातीधर्माला बाध आणणारा नाही अशी खात्री नसेल तर ही काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत, फक्त गोऱ्यांना द्यावीत. हे पत्र कागदात गाडले गेले. काडतुसे पहाऱ्यावरच्या शिपायांच्या पडतळ्यात कलकत्ता, कानपूर, रंगून इथे महिनोन्‌महिने राहिली आणि १८५५ मध्ये परत गेली. कोणी तक्रार केली नाही. पुढे सरकारच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगितली आहे. पण त्या शिपायांनी ती काडतुसे नुसती जवळ बाळगली होती, त्यांना दात लावला नव्हता, आणि ती कशाने माखली आहेत हे त्यांना कोणी सांगितलेही नव्हते. माहीतच नसलेल्या गोष्टीबद्दल माणूस तक्रार करीत नाही. या मौनाला पुरावा म्हणणे मला पटत नाही.

आता जानेवारी १८५७. कलकत्त्याजवळ दमदम येथे नवी रायफल शिकवण्याची शाळा निघालेली. अशाच शाळा अंबाला आणि सियालकोट येथेही होत्या. दमदमच्या तोफखान्यातल्या कारखान्यात काम करणाऱ्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे लोटाभर पाणी मागितले. शिपायाने नाकारले, लोटा बाटेल म्हणून. खलाशी म्हणाला, तुझी जात आता राहते किती दिवस, गाईडुकराच्या चरबीची काडतुसे दातांनी तोडायची आहेत तुला. ही गोष्ट प्रत्येक इतिहासात आहे आणि ती बहुतेक ठिकाणी गंमतीच्या सुरात सांगितली जाते. मला ती फार महत्त्वाची वाटते, कारण साऱ्या प्रकरणातला पहिला साक्षीदार हा खलाशी आहे आणि तो आतला माणूस आहे. काडतुसे बनतात त्याच आवारात तो राबतो. वंगणाचे पिंप कुठून येते हे कर्नलसाहेबाला ठाऊक नसेल, पण त्याला ठाऊक असण्याचा संभव पुष्कळ. बातमी वरून खाली आली नाही, तशी ती बाजारातूनही आली नाही. ती कारखान्यातून आली.

या खलाशाचीही एक तक्रार होती, तहानेची. तिची चौकशी कोणी केली नाही.

कॅप्टन राइट या अधिकाऱ्याने २२ जानेवारीला हा प्रकार मेजर बॉन्टीन यांना लिहून कळवला. बॉन्टीन यांनी जे केले ते त्या काळच्या मानाने चांगलेच म्हणायला हवे. त्यांनी परेड भरवली आणि कोणाची काही तक्रार असल्यास पुढे यावे असे सांगितले. सुमारे दोन तृतीयांश शिपाई पुढे आले आणि देशी अधिकारी तर सगळेच. मेजरसाहेबांच्या अहवालाप्रमाणे त्यांचे बोलणे अदबीचे होते. आक्षेप त्यांनी बंदुकीवर घेतला नाही, कवायतीवरही घेतला नाही. काडतूस ज्या तऱ्हेने तयार होते त्यावर घेतला, आणि उपायही त्यांनीच सुचवला. चरबीऐवजी मेण आणि तेल वापरावे.

तक्रारीचे हे पहिले रूप नीट ध्यानात ठेवावे. तिच्यात कट नाही, किरिस्ताव करण्याचा आरोप नाही, बादशहा नाही. कामावरच्या एका वस्तूविषयी नेमके म्हणणे आहे, ते वरिष्ठापुढे रीतसर मांडलेले आहे आणि सोबत स्वस्त तोडगा आहे. आजच्या कुठल्याही कारखान्यातल्या कामगार अधिकाऱ्याला याहून नीटनेटका अर्ज मिळणार नाही.

मग हे म्हणणे खरे होते का? दारूगोळा खात्याने जानेवारीच्या अखेरीस सरकारला जे कळवले त्यातून उत्तर निघते. चरबी ठेकेदाराकडून घेतली जात होती, आणि आक्षेपार्ह जनावरांची चरबी तीत मिसळू नये म्हणून काही खास खबरदारी घेतल्याचे दिसत नव्हते. खात्याचे प्रमुख कर्नल अॅबट यांच्या म्हणण्याचाही मथितार्थ हाच, की गाईची चरबी असेल किंवा नसेलही. कलकत्त्याच्या बाजारात चरबी पुरवणारा ठेकेदार स्वस्त माल सोडून महाग माल कशाला देईल? शिपायांचा तर्क त्यांच्या मालकांच्या कागदांवरून खरा ठरतो.

आणखी एक साक्षीदार आहे आणि तो कोणी लहानसहान नाही. सरसेनापती जनरल अॅन्सन मार्चमध्ये अंबाल्याच्या शाळेत गेले. तिथली काडतुसे पाहिल्यावर त्यांनी गव्हर्नर जनरलला लिहिले, की आता आपल्याला शिपायांच्या आक्षेपाचे नवल वाटत नाही. कागदावर एवढे वंगण थापलेले असेल आणि ते इतके चरबीसारखे दिसत असेल याची आपल्याला कल्पना नव्हती. चाळीस वर्षांनी, १८९७ साली, लॉर्ड रॉबर्ट्स यांनी आपल्या आठवणींत कबूल केले की वंगणात गाईची आणि डुकराची चरबी खरोखरच होती. रॉबर्ट्स यांचा आधार होता जॉर्ज फॉरेस्ट यांनी छापलेली लष्करी कागदपत्रे. हे फॉरेस्ट पूर्वी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवीत आणि मुंबई सरकारच्या दप्तरखान्याचे प्रमुख होते. पेशव्यांच्या मुलखातल्या दप्तरांत हात काळे केलेल्या माणसाने कलकत्त्याचे दप्तर उघडले आणि शिपायांची बाजू कागदावर आली.

येथे एक बाजू मोकळेपणाने मांडली पाहिजे. पामर यांनी १९६६ मध्ये मीरतच्या उठावावर जे पुस्तक लिहिले त्यात त्यांनी कागद न्‌ कागद तपासून असे दाखवले की वंगण लावलेली काडतुसे देशी पलटणींना सरसकट वाटली गेलीच नव्हती. शिकाऊ तुकड्या बहुतेक गोळी झाडण्याच्या पायरीपर्यंत पोचण्याआधीच गवगवा झाला. हे म्हणणे भक्कम आहे आणि मी ते मानतो. पण त्याने तक्रार खोटी ठरत नाही. दमदमचे शिपाई असे म्हणाले नव्हते की आम्ही बाटलो. जे येऊ घातले आहे त्याबद्दल ते बोलत होते, आणि जे येऊ घातले होते ते त्यांच्या भीतीप्रमाणेच होते.

सरकारने काय केले? निर्णय तसा चटकन घेतला. जानेवारी संपण्याआधीच हुकूम निघाला की काडतुसे कोरी द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण बाजारातून आणून स्वतः लावावे. पुढे दातांऐवजी हाताने काडतूस फाडण्याची कवायतही आली. म्हणजे तक्रार मान्य झाली, मात्र ती मान्य झाली असे कोणी म्हणाले नाही. मीरतहून लष्करी कचेरीने उलट असे कळवले की रायफल कंपन्या कित्येक वर्षे मेंढीची चरबी आणि मेण लावूनच गोळ्या ठासतात, आता सवलत दिली तर नसता संशय यायचा. या उत्तरात धोरण असेल, उमज नव्हती. चूक झाली, माल परत घेतला, यापुढे वंगण अमुक असेल, अशी तीन वाक्ये सगळ्या छावण्यांत वाचून दाखवली गेली असती तर? ‘तर’च्या पुढे इतिहास लिहू नये, म्हणून सोडून देतो.

फेब्रुवारीपासून तक्रारीचे रूप पालटते. वंगण गेले, संशय कागदावर आला. जुना कागद श्रीरामपूरचा, नवा विलायती आणि चकचकीत. बराकपूरला ६ फेब्रुवारीला चौकशी बसली. शिपायांनी सांगितले की कागदाला तुकतुकी आहे, जाळल्यावर तो चरबीसारखा चरचरतो. रासायनिक तपासणी झाली. कागदात चरबी सापडली नाही. इथे शिपाई चुकले होते आणि त्यात शंका घ्यायला जागा नाही. पण त्या चौकशीतल्या जबान्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. काही साक्षीदार सांगतात की माझी स्वतःची हरकत नाही, माझ्या सोबत्यांची आहे.

चौकशी करणाऱ्यांना हे वाक्य पळवाट वाटले. मला त्यात सगळे प्रकरण दिसते. अंबाल्याच्या शाळेतल्या दोन शिपायांची गोष्ट याला जोडून पाहावी. ३६ व्या पलटणीतले हे हवालदार आणि नाईक आपली पलटण छावणीत आली म्हणून भेटायला गेले, तर त्यांच्याच सुभेदाराने त्यांना किरिस्ताव म्हणून हिणवले. दोघे रडत आपल्या शिक्षकाकडे, कॅप्टन मार्टिनो यांच्याकडे आले. काडतुसात काय आहे हा प्रश्न त्यांच्यापुरता संपला होता. घरी रोटीबेटी होईल का, पंगतीत पान मांडले जाईल का, हा त्यांचा प्रश्न होता. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत त्याचे उत्तर नव्हते. सात रुपये महिना पगाराच्या शिपायाची खरी ठेव म्हणजे त्याचे गावातले स्थान, आणि ती ठेव सोबत्यांच्या जिभेवर होती.

एवढे झाल्यावर पुढच्या घटना भराभर सांगता येतात. २६ फेब्रुवारीला बहरामपूरच्या १९ व्या पलटणीने काडतुसे नाकारली. ती जुन्याच धर्तीची होती, फक्त कागद दोन तऱ्हेचा दिसला. कर्नल मिचेल यांनी समजूत घालण्याऐवजी दम भरला आणि रात्री घोडदळ व तोफा उभ्या केल्या. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे, ८ एप्रिलला त्याची फाशी.

मीरतला मात्र थांबले पाहिजे. २४ एप्रिलला तिसऱ्या घोडदळाचे कर्नल कार्मायकेल स्मिथ यांनी नव्वद निवडक स्वारांची परेड भरवली. हाताने काडतूस फाडण्याची नवी रीत दाखवायची होती, म्हणजे साहेबाच्या हिशेबी ही सवलतच. काडतुसे जुनी, वंगण नसलेली, नेहमीची. पंच्याऐंशी जणांनी ती घेतली नाहीत. त्यांचा न्याय करायला पंधरा देशी अधिकाऱ्यांचे कोर्ट बसले आणि चौदा विरुद्ध एक मताने शिक्षा झाली, दहा वर्षे सक्तमजुरी. ९ मे रोजी सगळ्या छावणीसमोर त्यांच्या पायात बेड्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी रविवार होता.

त्या पंच्याऐंशी जणांची तक्रार वस्तुतः खोटी होती. त्या दिवशीच्या काडतुसात काही नव्हते. जानेवारीत दमदमला खरी असलेली तक्रार एप्रिलमध्ये मीरतला खोटी झाली होती, आणि सरकारने खऱ्या तक्रारीला गुपचूप सवलत दिली व खोट्या तक्रारीला जाहीर बेड्या घातल्या. ज्याला दोन्हींतला फरक कधी उघड सांगितला गेला नाही, त्या स्वाराने तो कसा ओळखावा?

या तक्रारीविरुद्ध सर्वांत गाजलेला युक्तिवाद नंतरचा आहे. बंड झाल्यावर शिपायांनी हाती लागलेली हीच काडतुसे इंग्रजांवर बेधडक झाडली, तेव्हा धर्म कुठे गेला होता? वाक्य चटकदार आहे. पण बंडवाल्यांच्या हाती मुख्यतः ब्राउन बेसच होती, हे एक. दुसरे असे, की जीव वाचवायला माणूस आपद्धर्म म्हणून जे करतो ते त्याने रोजच्या चाकरीत मुकाट करायला हवे होते, असा त्याचा अर्थ होत नाही. दुष्काळात विश्वामित्राने काय खाल्ले ही कथा आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तिच्यावरून विश्वामित्र ढोंगी होता असे कोणी म्हणत नाही.

आता पुन्हा गोडसे भटजींकडे. त्यांच्या कानी आलेल्या हकिकतीत काडतुसाबरोबर आणखी एक गोष्ट आहे. हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही धर्माविरुद्ध सरकारने चौऱ्याऐंशी कलमे तयार केली आणि ती राजेरजवाड्यांपुढे ठेवली. ही ऐकीव गोष्ट आहे, आणि चौऱ्याऐंशी हा आकडाच लोककथेतला, लक्ष योनींच्या हिशेबातला. तरी पोकळ अफवेलाही कुठे ना कुठे मूळ असते. धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क राखणारा कायदा १८५० चा, विधवाविवाहाचा कायदा जुलै १८५६ चा, आणि नव्या भरतीच्या शिपायाला समुद्रापारही जावे लागेल हा नियमही त्याच महिन्यातला. बराकपूरला ३४ व्या पलटणीचे कर्नल व्हीलर बाजारात उभे राहून किरिस्ताव धर्माचा उपदेश करीत आणि तो आपला हक्क मानीत. या सुट्या धाग्यांतून शिपायाने जो शेला विणला तो सरकारच्या मनात नव्हता. सरकार सगळ्यांना बाटवायला निघाले होते याला पुरावा नाही. पण शिपाई वेडे होते असेही म्हणता येत नाही.

मराठीत या प्रश्नावर दोन टोके आहेत. सावरकरांनी १९०९ च्या ग्रंथात काडतुसाला निमित्तमात्र ठरवले, कारण त्यांना स्वधर्म आणि स्वराज्य ही मोठी कारणे दाखवायची होती. न. र. फाटकांनी १९५८ मध्ये ‘अठराशे सत्तावनची शिपाईगर्दी’ लिहून त्या मोठेपणातली हवा काढली. दोघांचा वाद रंगतदार आहे, पण दोघांच्याही मांडणीत दमदमच्या परेडीवर अदबीने पुढे आलेला शिपाई मागे पडतो. एकाला तो फार लहान वाटतो, दुसऱ्याला त्याच्याभोवती झालेला गाजावाजा निस्तरायचा असतो.

आपल्या मुंबई इलाख्याचे लष्कर बव्हंशी शांत राहिले. कोल्हापूरची २७ वी पलटण ३१ जुलैच्या रात्री उठली ती मोडली गेली, आणि १५ ऑक्टोबरला मुंबईच्या मैदानावर मंगल गाडिया व सय्यद हुसेन यांना तोफेच्या तोंडी दिले. बंगालच्या मानाने इकडे एवढ्यावर निभावले. मुंबईच्या पलटणींत सर्व जातींची भरती होती, महारही मोठ्या संख्येने होते, आणि एका रांगेत उभे राहताना सोवळेओवळे बाजूला ठेवण्याची सवय होती. याचे बक्षीस काय मिळाले? बंडानंतरच्या पिढीत सरकारने ‘लढवय्या जाती’ शोधल्या आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरतीच बंद केली. महाडजवळच्या रावढूळचे निवृत्त लष्करी गृहस्थ गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. त्या अर्जातही अदब आहे, दाखले आहेत आणि मागणी नेमकी आहे. दमदमच्या परेडीतल्या शिपायांचा सूर तसाच होता. भरती मात्र पहिले महायुद्ध येईपर्यंत उघडली नाही.

दमदमच्या त्या खलाशाचे पुढे काय झाले ते कागदात नाही. कॅप्टन राइटच्या पत्रात ब्राह्मण शिपायाची पलटण नोंदलेली आहे. खलाशाची नोंद आहे ती फक्त जातीची.